तक्रार मिटेपर्यंत पैसे कोणाचे अडकतात?

इंदिरानगर, नाशिक येथील एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे:

"माझे वय ५४. यजमान सातपूरच्या एका कारखान्यात आहेत आणि येत्या नोव्हेंबरात निवृत्त होतील. आम्हा दोघांचे मिळून एकच बचत खाते आहे. पगार त्यात येतो आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ताही त्यातूनच जातो. डेबिट कार्ड यजमानांच्या नावाचे आहे, पण बाजारहाट मी करते म्हणून ते माझ्याच पर्समध्ये असते. जूनच्या अखेरीस एका शनिवारी पहाटे दीडच्या सुमारास या कार्डावरून कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर दोन व्यवहार झाले आणि ५२,४०० रुपये गेले. ओटीपी आलाच नाही, त्यामुळे तो कोणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांपूर्वी दुबईला भाचीकडे गेलो तेव्हा कार्ड परदेशासाठी चालू करून घेतले होते, एवढेच आठवते. सकाळी संदेश पाहताच मी कार्ड बंद केले, तक्रार क्रमांक लिहून घेतला आणि सोमवारी शाखेत लेखी अर्ज दिला. दहाव्या कामकाजाच्या दिवशी पैसे खात्यात आले, पण मधल्या काळात १४,५०० रुपयांचा हप्ता परत गेला आणि वर दंड बसला. पुण्याला असणारा मुलगा म्हणतो, डेबिट कार्ड कात्रीने कापून टाका, कारण कायदा फक्त क्रेडिट कार्डवाल्याला वाचवतो. यजमान म्हणतात, उधारीचे कार्ड घरात नको. माझ्या सासऱ्यांची उमेदीची वर्षे निफाडच्या द्राक्षबागेचे कर्ज फेडण्यात गेली, ते यांनी लहानपणी पाहिले आहे. आता नोव्हेंबरात ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड याच खात्यात जमा होणार, या विचाराने मला झोप लागत नाही. रोजच्या खरेदीला कोणते कार्ड वापरावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम हे सांगतो की, त्या शनिवारी सकाळी तुम्ही जे केले ते अगदी योग्य होते. माझी नोकरी बँकेच्या शाखेत झाली आणि त्या काळात अशी तक्रार घेऊन आलेली कितीतरी माणसे मी पाहिली. त्यांच्यातील बरेच जण "आधी मुलाला विचारतो, मग बघू" असे म्हणत आठवडा घालवून आलेले असत. तुम्ही फोन करून कार्ड बंद केले, तक्रार क्रमांक लिहून ठेवला आणि शाखेतही लेखी अर्ज दिला, म्हणूनच पैसे परत आले. आता तुमच्या घरातील वादाकडे वळतो. चिरंजीवांचा निष्कर्ष बराचसा बरोबर असला तरी त्यामागचे कारण चुकीचे आहे, आणि यजमानांची भीती अगदी खरी असली तरी तिच्यावरचा त्यांचा उपाय अपुरा आहे. तुम्हाला ज्या गोष्टीने झोप लागत नाही, ती मात्र दोघांच्याही बोलण्यात आलेली नाही.

कायद्याविषयी मुलाने जे वाचले आहे ते बहुधा अमेरिकेतील नियमांवर बेतलेले असावे. तिकडे क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाल्यास ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर असते. डेबिट कार्डाच्या बाबतीत मात्र घटना कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ५० डॉलर, त्यानंतर ५०० डॉलरपर्यंत, आणि खातेउतारा मिळाल्यावर ६० दिवस उलटून गेले तर त्यापुढच्या नुकसानीला मर्यादाच राहत नाही. त्यामुळे तिकडचा सल्लागार "डेबिट कार्ड दुकानात काढूच नका" असे सांगतो ते त्याच्या देशापुरते रास्त आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जी चौकट घालून दिली, तिच्यात डेबिट आणि क्रेडिट या दोन्ही कार्डांना जवळपास सारखेच संरक्षण आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तशाच सूचना निघाल्या.

त्या चौकटीचा सारांश तुमच्याच प्रसंगावरून सांगतो. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला एक रुपयाचीही झळ बसता कामा नये, मग त्याने तक्रार केलेली असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर मधल्याच कोणाची असेल, आणि तुमचे प्रकरण याच प्रकारातले दिसते, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. हे दिवस तुमच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजतात आणि संदेश मिळाल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवले तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ बसू शकते. ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डालाही हाच आकडा लागू आहे आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला तो २५,००० आहे. सात दिवसांनंतर काय करायचे ते प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण ठरवते. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करावी, तीही व्यवहाराच्या तारखेपासून धरून, आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढावे, असे हे परिपत्रक सांगते. चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर टाकलेला आहे. या नियमांत वेळोवेळी भर पडत असते, म्हणून तुमच्या बँकेचे सध्याचे ग्राहक संरक्षण धोरण शाखेतून मागून घ्यावे. ते मागणे हा तुमचा हक्क आहे.

बँकेची चूक म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून भामट्यांनी मुख्यतः बनावट कार्डांच्या साह्याने दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम काढून नेली. त्यातला मोठा भाग परदेशातील एटीएममधून गेला. तो फटका बँकेने सोसला, खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. अशा वेळी ग्राहकाच्या हातात कोणते कार्ड होते या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही.

मग कायदा सारखाच असेल तर दोन्ही कार्डांत फरक कोणता? फरक असा की, तक्रार मिटेपर्यंत पैसे कोणाचे अडकतात. डेबिट कार्डावरून झालेल्या चोरीत तुमच्या खात्यातली रक्कम त्याच क्षणी जाते आणि बँकेला नियमाने मिळालेले दहा दिवस तुम्हाला त्या रकमेवाचून काढावे लागतात. बँकेने नियम तंतोतंत पाळला तरी हप्त्याची तारीख काही थांबत नाही, आणि तुमच्या बाबतीत नेमके हेच घडले. क्रेडिट कार्डावर तशीच चोरी झाली असती तर ५२,४०० रुपये बिलात दिसले असते, तुम्ही ते अमान्य केले असते, आणि चौकशी चालू असताना तुमच्या बचत खात्यातून मुलीचा हप्ता नेहमीसारखा गेला असता. वादातल्या रकमेवर ग्राहकाच्या अंगावर व्याज चढू नये, असेही तेच परिपत्रक सांगते. म्हणजे पैसे बँकेचे अडकतात, आणि ज्याचे पैसे अडकतात त्याला निकालाची घाई असते, हा शाखेत शिकलेला व्यवहार मी अजून विसरलेलो नाही.

चोरी नसतानाही हा फरक जाणवतो. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात खोली घेताना मी अनामत म्हणून डेबिट कार्ड पुढे केले. त्यांनी ८,००० रुपये रोखून ठेवले, आम्ही दोन दिवसांनी सगळे बिल रोखीने भरून निघालो, आणि ते ८,००० रुपये माझ्या खात्यात मोकळे व्हायला नऊ दिवस लागले. त्यात कोणी लबाडी केली नव्हती, तरी तोवर पैसे माझेच अडकले. तेव्हापासून जिथे अनामत रोखली जाते, मग ते हॉटेल असो की भाड्याची गाडी, तिथे मी डेबिट कार्ड खिशातून काढत नाही.

आता चोरीच्या मुळाशी जाऊ, कारण तुमच्या पत्रातील दुबईचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. भारतातील संकेतस्थळावर कार्ड वापरताना ओटीपी लागतो, परंतु अनेक परदेशी संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होऊन जातो. तुमचे कार्ड दोन वर्षे परदेशी व्यवहारांना उघडे होते आणि ते तीन आकडे कुठे ना कुठे कोणी तरी टिपले असणार. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या सूचनेनुसार नवे कार्ड फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील मशीन यांच्यापुरतेच चालू करून द्यायचे असते. ऑनलाइन, परदेशी आणि न घासता नुसते टेकवून होणारे व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करायचे असतात आणि हवे तेव्हा बंदही करता येतात, तसेच प्रत्येकाची मर्यादा स्वतःच ठरवता येते. बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये याची बटणे असतात आणि एटीएमवरही हा पर्याय मिळतो. परगावी जाताना आपण नळ आणि गॅस बंद आहे ना हे दोनदा पाहतो, पण प्रवासाहून परतल्यावर कार्डाचा परदेशी वापर बंद करणारा माणूस मला क्वचितच भेटला. बदलून मिळालेल्या नव्या कार्डावर ही बटणे कशी आहेत ते आज रात्रीच पाहावे. टेकवून होणाऱ्या व्यवहाराला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. पर्स हरवली तर ती वाट उघडी असते, म्हणून ती सोय तुम्ही वापरत नसाल तर तीही बंद ठेवावी.

कार्ड यजमानांच्या नावाचे आणि वापर तुमचा, हे तुम्ही सहज लिहून गेलात. आपल्याकडे घराघरांत असेच असते, पण बँकेच्या दृष्टीने कार्ड आणि पिन कोणालाही द्यायची नसते आणि पत्नीही त्याला अपवाद नाही. बेंगळुरूमधील एका प्रकरणात प्रसूती रजेवर असलेल्या बाईंनी पतीला कार्ड आणि पिन देऊन पैसे काढायला पाठवले, मशीनमधून २५,००० रुपये आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, आणि २०१८ मध्ये ग्राहक न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला, कारण पिन दुसऱ्याला सांगितली होती. तुमची चोरी ऑनलाइन झाली म्हणून कोणी हा प्रश्न काढला नाही; उद्या तीच रक्कम एटीएममधून गेली असती तर पहिला प्रश्न हाच आला असता. खाते संयुक्त असून दोघांपैकी कोणालाही चालवता येत असेल तर तुमच्या नावाचे स्वतंत्र कार्ड मिळते. त्यासाठी अर्ज द्या आणि यजमानांचे कार्ड यजमानांच्याच खिशात जाऊ द्या.

यजमानांच्या भीतीकडे मी आदराने पाहतो. ज्याने वडिलांना कर्ज फेडताना पाहिले आहे त्याला "पन्नास दिवस बिनव्याजी" हे शब्द गोड वाटत नाहीत, आणि वाटूही नयेत. क्रेडिट कार्डाचे व्याज आजमितीस बहुतेक बँकांत दरमहा शेकडा तीन ते पावणेचार रुपये आहे. समजा २०,००० रुपयांचे बिल आले आणि तुम्ही बिलावर छापलेली १,००० रुपयांची किमान रक्कम भरून निश्चिंत झालात. उरलेल्या १९,००० वर दरमहा साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज होते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला की ७८५ रुपयांच्या आसपास आकडा जातो. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा १,००० भरलेत तर मुद्दल जेमतेम दोनशे पंधराने कमी होईल, आणि तोवर केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळणार नाही. वर्षाचा हिशेब केला तर हे व्याज ४२ टक्के होते. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवले होते, परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे वरची मर्यादा आज तुमच्या मदतीला येणार नाही. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढली तर शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून, म्हणून तो विचारच करू नये.

हे सगळे टळते ते एकाच गोष्टीने: बिल दर महिन्याला पूर्ण भरायचे. त्यासाठी बचत खात्यातून आपोआप वसुलीची सूचना देता येते, पण अर्जावर "किमान रक्कम" आणि "संपूर्ण रक्कम" असे दोन पर्याय असतात आणि घाईत भलत्याच चौकोनात खूण होते, ती नीट पाहून करावी. या सोयीतही एक मेख आहे. एखादा व्यवहार तुम्ही अमान्य केला आणि बँकेने ती रक्कम अजून तात्पुरती जमा केलेली नसेल, तर आपोआप वसुली तीही उचलून नेईल. म्हणून तक्रार देतानाच "वादातील रक्कम वसुलीतून वगळावी" असे लेखी द्यावे आणि उरलेले बिल मात्र तारखेच्या आत भरावे.

येथवर कार्डांची तुलना झाली. परंतु माझ्या मते तुमच्या घरातील खरा धोका कार्डात नाही, एकाच खात्यात आहे. पगार, हप्ता, भाजीपाला आणि उद्या निवृत्तीचे तीस-चाळीस लाख जे काही असतील ते, हे सगळे एकाच दारामागे आणि त्या दाराची किल्ली बाजारात फिरणाऱ्या पर्समध्ये, अशी ही मांडणी आहे. पूर्वीच्या बायका तिजोरीची किल्ली आणि भाजीचे पैसे एकाच बटव्यात ठेवत नसत. म्हणून क्रेडिट कार्डाचा निर्णय नंतर घेतला तरी चालेल, आधी दुसरे बचत खाते उघडा. रोजच्या खर्चाचे हे खाते वेगळ्या बँकेत असेल तर अधिक बरे. त्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरखर्चाची रक्कम वळवायची, डेबिट कार्ड त्याचेच वापरायचे आणि मोबाइलवरील यूपीआयही त्यालाच जोडायचे, कारण क्यूआर स्कॅन करून भरलेले पैसेही शेवटी खात्यातूनच जातात. मोठ्या खात्याला डेबिट कार्ड घेऊच नका, आणि घेतलेच तर देशातील एटीएमखेरीज सर्व वापर बंद ठेवून ते कपाटात ठेवा. मुलीचा हप्ता मोठ्या खात्यातूनच जाऊ द्या, म्हणजे पर्समधल्या कार्डाचे काहीही झाले तरी तो चुकणार नाही.

नोव्हेंबरात मोठी रक्कम जमा होताच बँकेतून फोन येईल आणि "शिल्लक आपोआप मुदत ठेवीत जाईल, लागेल तशी आपोआप मोडेल" अशी योजना सुचवली जाईल. व्याजाच्या दृष्टीने ती योजना चांगली आहे. पण जे खाते कार्डाला किंवा यूपीआयला जोडलेले आहे त्यावर ती घेतलीत, तर चोराने काढलेल्या रकमेसाठीसुद्धा ठेव आपोआप मोडते. यंत्राला पैसे कोण काढतो आहे हे कळत नाही. कार्ड नसलेल्या खात्यावर ती योजना घ्यायला माझी हरकत नाही.

एवढे झाल्यावर क्रेडिट कार्ड घ्यावे का? माझे उत्तर हो असे आहे, पण लहान मर्यादेचे, आणि शक्य तर तुमच्या नावाचे. पगारपत्रक नसलेल्या गृहिणीलाही मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळते. बहुतेक बँका ठेवीच्या रकमेपेक्षा काहीशी कमी मर्यादा देतात आणि ठेवीवरचे व्याज चालूच राहते. पंचवीस-तीस हजारांची ठेव ठेवली तर मर्यादा त्याच्या आतच राहते आणि यजमानांच्या भीतीलाही त्यातच कुंपण पडते, कारण कितीही बिघडले तरी नुकसान त्या ठेवीपलीकडे जाऊ शकत नाही, व्याज आणि दंड वेळेवर पाहिले म्हणजे झाले. पसंत पडले नाही तर बंद करायचा अर्ज द्या. थकबाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही तर बँकेने दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा नियम जुलै २०२२ पासून आहे. तुमचे खाते पतसंस्थेत असेल तर मात्र हे सारे नियम तिथे शोधू नयेत, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही.

रोजच्या व्यवहाराचे म्हणाल तर भद्रकालीतली भाजी, रिक्षा, दूध यांना कार्ड लागतच नाही. नोटा जिथे छापल्या जातात त्या नाशिकरोडलाही आता चहाच्या टपरीवर क्यूआर टांगलेला दिसतो. तिथे लहान खात्याचे यूपीआय किंवा रोख पुरे. ऑनलाइन खरेदी, रेल्वे-विमानाची तिकिटे, हॉटेल आणि कॉलेज रोडवरची मोठी खरेदी क्रेडिट कार्डाने करावी. पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डाला साधारण एक टक्का अधिभार लागतो, तो बहुतेक बँका ठरावीक मर्यादेत माफ करतात, पण बिलात एकदा पाहून घ्यावे. सराफ बाजारात "कार्डाचे दोन टक्के वेगळे" असे ऐकावे लागते. डेबिट कार्डावरचा आकार दुकानदाराने ग्राहकाकडून घेऊ नये अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे, तेवढे सांगून पाहा. क्रेडिट कार्डाबाबत घासाघीस करण्यावाचून इलाज नाही, आणि मंगळसूत्राच्या किमतीवर दोन टक्के देण्यापेक्षा चेक किंवा बँकेतून थेट रक्कम पाठवणे स्वस्त पडते.

एका बाबतीत मात्र दोन्ही कार्डे सारखीच लंगडी आहेत. वीज तोडली जाईल, केवायसी संपले, रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बुडणार, असे सांगून कोणी ओटीपी काढून घेतला किंवा मोबाइलवर भलतेच ॲप उतरवून घेतले, तर नियमाप्रमाणे तक्रार करेपर्यंतचे संपूर्ण नुकसान ग्राहकाचे. त्यानंतर झालेले मात्र बँकेचे. क्रेडिट कार्ड घेतल्यावर "मर्यादा वाढवून देतो" असे फोन वाढतील, हेही आधीच सांगून ठेवतो. फसवणूक झालीच तर बँकेपाठोपाठ सायबर गुन्ह्यांची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.

राहिला जुलैचा दंड. चोरीची रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून जमा धरलेली आहे, म्हणजे बँकेच्याच हिशेबाने हप्त्याच्या दिवशी तुमच्या खात्यात पुरेशी शिल्लक होती. हा मुद्दा मांडून दंड परत मागणारा अर्ज द्या आणि पोच घ्या. परिपत्रकात या दंडाचा स्पष्ट उल्लेख नाही, त्यामुळे तो मिळेलच असे सांगवत नाही, पण मागणी रास्त आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मुलीच्या कर्जाला यजमान सहकर्जदार असतील तर उशिरा भरलेल्या हप्त्याची नोंद दोघांच्याही सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदपत्रात, उमटलेली असू शकते. तो अहवाल मागवून पाहा आणि नोंद असेल तर बँकेच्या पत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.

आणि नोव्हेंबरचे पैसे कार्ड नसलेल्या खात्यात यावेत असे वाटत असेल तर नुसते खाते उघडून भागणार नाही. ग्रॅच्युइटीसाठी कारखान्याच्या कार्यालयात नव्या खात्याचा रद्द केलेला चेक द्यावा लागेल आणि प्रॉव्हिडंट फंडासाठी यजमानांच्या यूएएनला (फंडाच्या कायम सदस्य क्रमांकाला) जोडलेला खाते क्रमांक बदलून त्याची पडताळणी पूर्ण व्हावी लागेल. नावातील एखाद्या अक्षराच्या फरकानेही ती अडकते. यजमानांनी सप्टेंबरातच दोन्ही कामे उरकून घेतलेली बरी, म्हणजे दुरुस्ती करायची झालीच तर हातात दोन महिने राहतील.